दूरध्वनीवरचे तोतये

(घरातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावयाचा पाठ)

१७६१ च्या जानेवारीत पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे काही वर्षांतच 'भाऊ तो मीच' असे सांगणारा एक इसम मराठी मुलखात उभा राहिला. त्याला कैदेत ठेवले, तरी कैदेतून सुटून त्याने कोकणात बंड उभारले, किल्ले घेतले, फौज जमविली. अखेर १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. वर्गात हा भाग शिकविताना एखादा मुलगा हटकून विचारतो, "सर, एवढे शहाणे लोक फसले कसे?" आम्ही उत्तर देतो, "बाळ, तोतयाने लोकांना फसविले हे खरे. पण भाऊ जिवंत असावेत ही लोकांच्या मनातली इच्छा त्याच्या आधी तेथे येऊन बसली होती." तोतया नेहमी आपल्याच मनातील इच्छेचा किंवा भीतीचा अंगरखा घालून येतो.

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा पाठ लिहावा, अशी चालकमंडळींची सूचना आली, तेव्हा आम्हांस या तोतयाची आठवण झाली. कारण आजचा तोतया किल्ला घेत नाही. तो आपल्या खिशातल्या मोबाईलवर येतो. कधी तो काँप्युटर दुरुस्त करणारा असतो, कधी बँकेचा नोकर, कधी पोलीस अंमलदार. त्याची रीत काय, त्याचा बंदोबस्त कसा चालला आहे आणि त्यात आपल्या घराचा वाटा कोणता, एवढेच येथे क्रमाने सांगावयाचे आहे.

१. तोतयाची रीत

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची हकिकत घेऊ. गृहस्थ निपाणीकडचे, सत्तरीच्या घरातले, हिशेबाला चोख. मुलाने घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचीत. एके दिवशी वाचता वाचता पडदा एकाएकी निळा झाला, भोंगा वाजू लागला आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत मजकूर आला : तुमच्या यंत्रात व्हायरस शिरला आहे, यंत्र बंद करू नका, खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा. मास्तरांनी फोन केला. पलीकडचा माणूस मोठ्या अदबीने बोलला. आपण नामांकित कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलतो आहोत असे सांगून त्याने एक ॲप उतरवून घ्यावयास लावले आणि त्यावर आलेला क्रमांक विचारून घेतला. क्रमांक सांगताच मास्तरांच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. त्या माणसाने 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक यादी उघडली, तिच्यातल्या तांबड्या-पिवळ्या खुणा दाखविल्या आणि म्हणाला, "बघा गुरुजी, एवढे रोग आहेत." दुरुस्तीची फी अवघी ४९९ रुपये होती. ती भरण्यासाठी मास्तरांनी बँकेचे पान उघडले, आलेला ओटीपी टाकला. आणि अर्ध्या तासाच्या आत खात्यातून ८४,००० रुपये निघून गेले.

यात जादू काही नाही. एकेक पायरी तपासून पाहू.

पहिली पायरी म्हणजे तो निळा पडदा. ते इंटरनेटवरचे एक साधे पान असते, यंत्राचा रोग नव्हे. कोणी आपल्या भिंतीवर 'घराला आग लागली आहे' असा कागद डकवला, म्हणून घर पेटत नाही. ते पान बंद करावे. बंद होत नसेल तर यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करावे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने वारंवार सांगितले आहे की, तिच्या खऱ्या इशाऱ्यात फोन करण्यासाठी क्रमांक कधीच नसतो. म्हणजे पडद्यावर फोन नंबर दिसला, एवढ्यावरूनच तोतया ओळखावा.

दुसरी पायरी ते ॲप. दूर बसून दुसऱ्याचे यंत्र चालविता यावे यासाठी ही ॲपे निघाली. दुरुस्ती करणारे कारागीर ती रीतसर वापरतात, त्यामुळे ॲपला दोष देता येत नाही. परंतु त्यावर येणारा क्रमांक ही आपल्या घराची किल्ली होय. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच 'एनीडेस्क' या ॲपच्या अशा दुरुपयोगाविषयी बँकांना सावध केले होते.

तिसरी पायरी ती तांबड्या-पिवळ्या खुणांची. यंत्रात दिवसभरात जे जे बारीकसारीक अडखळते त्याची नोंद यंत्र स्वतःच ठेवीत असते. ठणठणीत यंत्रातही अशा खुणा शेकड्यांनी असतात. शाळेच्या हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणा दिसल्या म्हणून शाळा बुडाली, असे कोणी म्हणत नाही. पण ज्याने हजेरीपट कधी पाहिलाच नाही त्याला तसे पटवून देता येते.

चौथी पायरी सर्वांत वाईट, आणि ती तोतयाने नव्हे, मास्तरांनी स्वतःच चढली. त्यांनी नऊ दिवस ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. "जन्मभर मुलांना शहाणपण शिकविले, आता कोणत्या तोंडाने सांगू?" असे ते नंतर आम्हांस म्हणाले. त्या नऊ दिवसांची किंमत किती, हे पुढे येईलच.

२. बंदोबस्ताचा इतिहास

ही ठकबाजी एकट्यादुकट्याची नाही. हा मांडून बसलेला धंदा आहे. त्याची पाळेमुळे परदेशी गिऱ्हाइकांत आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या ऑक्टोबरात अशा काँप्युटर-दुरुस्तीच्या सहा टोळ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांतील बहुतेक भारतातून चालत होत्या. आपल्या देशाला ही भूषणाची गोष्ट नव्हे.

२०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील तरुण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना धमकावीत होते. सातशेंहून अधिक जणांची चौकशी झाली आणि सत्तर जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेतही अशाच बतावणीचा मोठा खटला उभा राहिला. पैसे गोळा करणारे तिकडचे हस्तक पकडले गेले, आणि २०१८ साली २१ जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी शिक्षा वीस वर्षांची होती. २०२३ च्या ऑक्टोबरात सी.बी.आय.ने 'ऑपरेशन चक्र-२' या नावाने ११ राज्यांत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून तोतया दुरुस्तीवाल्यांचाही माग काढण्यात आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये चाललेले असेच केंद्र सी.बी.आय.ने उघडकीस आणले. छापा पडला तेव्हा तेथे बासष्ट माणसे फोनवर काम करीत होती.

तोवर आपण म्हणत होतो, 'हे मुंबईचे, दिल्लीचे प्रकार.' पण २०२५ च्या नोव्हेंबरात खुद्द बेळगावात, आझमनगर भागात, पोलिसांनी एक कॉल सेंटर पकडले आणि ३३ जणांना अटक केली. अमेरिकेतील नागरिकांना फोनवरून फसविल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. त्यांत बहुतेक तरुण बाहेरच्या राज्यांतून आलेले होते. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु ज्या रस्त्यावरून आपली मुले शाळेला जातात त्या रस्त्यालगतच्या इमारतीत हा आरोप उभा राहावा, एवढे आपणांस जागे होण्यास पुरेसे आहे.

अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या अहवालाप्रमाणे २०२४ या एकाच वर्षी तांत्रिक मदतीच्या बतावणीने तेथील लोकांचे सुमारे १४६ कोटी डॉलर बुडाले, आणि त्यांत साठी ओलांडलेल्या वृद्धांचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणजे तिकडेही एखादे निवृत्त मास्तर असेच भोंगा ऐकून घाबरतात आणि असेच लाजून गप्प बसतात.

३. आपण का फसतो?

गुरांच्या बाजारात रुमालाखाली हातात हात घालून सौदा करण्याची जुनी रीत पुष्कळांनी पाहिली असेल. तो सौदा चोरटा दिसतो खरा, पण ज्याचा हात हाती असतो त्याचे तोंड समोर असते, गाव ठाऊक असते, आणि शेजारी दहा माणसे उभी असतात. फोनवर नुसता आवाज असतो. तोतयाचे पहिले काम आपणांस त्या दहा माणसांपासून तोडणे हे असते. म्हणून तो दोन वाक्ये हमखास म्हणतो : 'फोन ठेवू नका' आणि 'कोणाला सांगू नका'. ही दोन वाक्ये ऐकू आली की समोरचा कोणीही असो, तो तोतयाच समजावा.

आपल्या सीमाभागाची आणखी एक दुखरी जागा आहे. आपण घरी मराठी किंवा दखनी बोलतो, कचेरीतून कानडी कागद घेतो आणि बँकेत इंग्रजी अर्जावर सही करतो. न समजलेल्या कागदावर सही करण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळली आहे. त्यामुळे कोणी झोकदार हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागला की तो मोठा अधिकारीच असणार, असे आपण धरून चालतो. 'साहेब, मला समजले नाही, पुन्हा सांगा' असे म्हणण्याचीही आपणांस लाज वाटते. तोतयाला आपल्या अज्ञानापेक्षा ही लाजच अधिक उपयोगी पडते.

याचा सर्वांत दुःखद दाखला आपल्याच जिल्ह्यात घडला. २०२५ च्या मार्चमध्ये खानापूर तालुक्यातील एका वयोवृद्ध दांपत्याला पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्यांनी फोनवरून धमकावले, पन्नास लाखांहून अधिक रुपये उकळले, आणि तरीही मागणी थांबेना. त्या धसक्याने दोघांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्यांना कोणी वेळेवर एवढेच सांगावयास हवे होते की, 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कोठेही नाही. कोणताही पोलीस, कोणतेही न्यायालय मोबाईलच्या पडद्यावरून कोणास अटक करीत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरावयास सांगत नाही. पैसा गेला तर तो पुन्हा मिळविता येतो. पैसा गेल्यावर माणूस एकटा पडू न देणे, हे घरच्यांचे पहिले कर्तव्य होय.

४. दुसरे घर

आतापर्यंत ज्या घरात फोन वाजतो त्या घराविषयी सांगितले. पण प्रत्येक फोन दोन घरांना जोडलेला असतो. ज्या घरातला मुलगा तो फोन करतो, ते दुसरे घर. त्याविषयी बोलावयास आपण कचरतो.

आमचा एक माजी विद्यार्थी बी.कॉम. होऊन वर्षभर घरी होता. बाप हमाली करतो, आई विड्या वळते, पाठीवर दोन बहिणी. एके संध्याकाळी तो मोठ्या आनंदाने आला. एका शहरात नोकरी मिळत होती. रात्रपाळी, परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलावयाचे, पगार रोख, शिवाय कमिशन. आम्ही विचारले, "नेमणुकीचे पत्र?" ते नव्हते. "कंपनीचे नाव?" ते नंतर कळणार होते. "तुझे काम काय?" त्याने मोबाईलवर आलेला एक मजकूर दाखविला. कोणते वाक्य केव्हा म्हणावयाचे, हे त्यात ओळीने लिहिले होते. आणि आरंभीच त्याला एक इंग्रजी नाव दिलेले होते. आम्ही म्हटले, "बाबा, तुझ्या आईबापांनी ठेवलेले नाव जेथे चालत नाही, तेथली रोजी कसली?"

तो गेला नाही. सध्या कोल्हापुरात एका दुकानात त्याहून पुष्कळ कमी पगारावर हिशेब लिहितो. त्या दिवशी आम्ही त्याची पाठ थोपटली खरी. पण नंतर मनाला टोचले की, पाठ थोपटून चूल पेटत नाही. शिवाय ज्या इंग्रजीच्या जोरावर त्याला ती नोकरी चालून आली होती, ती इंग्रजी आम्हीच त्याला आरशासमोर उभे करून शिकविली होती. भाषा शिकविली, तिचा उपयोग कशासाठी करावा हेही शिकविले होते काय? हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला.

याहून साधे दिसणारे आणखी एक आमिष आहे. 'तुझे बँकखाते आणि सिमकार्ड दे, महिन्याला दोन-चार हजार घे, तुला काही करावयाचे नाही.' लुटीचा पैसा या भाड्याच्या खात्यांतूनच एका हातातून दुसऱ्या हातात जातो. पोलीस येतात तेव्हा ज्याच्या नावावर खाते त्याच्याच दारात प्रथम येतात. कायदाही कडक आहे. संगणक वा फोनच्या साहाय्याने दुसरा कोणी असल्याची बतावणी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाखापर्यंत दंड आहे; आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणुकीने माल उकळल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आहे.

पण कायद्याचे भय हा शेवटचा बांध झाला. आपल्या वडीलधाऱ्यांनी हलाल आणि हराम यांतला भेद भाकरीच्या तुकड्यावरून शिकविला. मापात मारणाऱ्यांना ताकीद देण्यासाठी कुराणात एक स्वतंत्र सूरह आहे. आणि शेजारच्या वारकऱ्याच्या घरीही लेकरांना हेच सांगतात की, खोट्या तराजूचे धान्य अंगी लागत नाही. ज्याला आपण फसवितो तो सात समुद्रांपलीकडे आहे, आपल्या जातीचा-धर्माचा नाही, म्हणून तराजू बदलत नाही.

५. आपण काय करावे?

पहिली गोष्ट वेगाची. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, तसेच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेलाही त्याच वेळी कळवून खाते व कार्ड बंद करून घ्यावे. १९३० मागची व्यवस्था अशी आहे : तक्रार येताच पैसा ज्या ज्या खात्यांत गेला त्या त्या बँकांना सूचना जाते, आणि तो काढून घेतला गेला नसेल तर तेथेच अडविला जातो. पैसा पुढे पळत असतो आणि तक्रार मागून धावत असते; म्हणून तासाला महत्त्व आहे. आमच्या मास्तरांनी नवव्या दिवशी तक्रार केली, तेव्हा पैसा चार खाती ओलांडून केव्हाच रोख निघाला होता.

दुसरी गोष्ट हक्काची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. मात्र कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. अर्थात चूक आपली असली तरी कळविण्यात फायदाच आहे.

तिसरी गोष्ट सीमेची. आपल्याकडे घर निपाणीत, खाते कोल्हापुरात आणि मुलगा पुण्यात, असा प्रकार फार. मग 'ही आमची हद्द नव्हे' हे उत्तर ऐकून लोक हताश होतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात त्याची खबर देता येते. याला 'झिरो एफ.आय.आर.' म्हणतात. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सी.ई.एन. हे स्वतंत्र ठाणेही आहे.

चौथी गोष्ट घराची. प्रत्येक घरात एक नियम करावा : पैशाचा किंवा पोलिसांचा फोन आला की तो ठेवून द्यावयाचा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने सांगावयाचे. दादीने सांगावे, नातवाने हसू नये. नातवाने चूक कबूल करावी, बापाने हात उगारू नये. ज्या घरात चूक सांगता येते त्या घरात तोतयाचे फारसे चालत नाही.

पाचवी गोष्ट ट्रस्टची. आपला ट्रस्ट मुलांना शिष्यवृत्त्या देतो, वह्या-पुस्तके देतो. त्याला जोडून दोन कामे अंगावर घ्यावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. महिन्यातून एकदा वाचनालयात अर्धा तास हा विषय मराठीत, दखनीत व कानडीत समजावून सांगावा. आणि ज्या मुलाला बाहेरगावच्या नोकरीचे बोलावणे येईल, त्याच्यासाठी त्या नोकरीची चौकशी करून देणारी दोन-तीन जाणत्या सभासदांची समिती नेमावी. मुलाला 'जाऊ नको' म्हणणे सोपे असते. त्याला दुसरी वाट दाखविणे हे समाजाचे काम आहे, आणि ते एकट्या मास्तराच्याने होण्यासारखे नाही.

पोलीस छापे घालतील, न्यायालये शिक्षा देतील. ते त्यांचे काम ते करोत. पण ऐकणाऱ्या घरातली लाज आणि बोलणाऱ्या घरातली गरज, ही तोतयाची दोन्ही भांडवले आपल्याच मोहल्ल्यांत आहेत. तीच काढून घेतली तर त्याचा धंदा बसण्यास वेळ लागणार नाही.

घरी विचारावयाचे प्रश्न

१. पडद्यावर भोंगा वाजून फोन नंबर आला, तर प्रथम काय कराल?
२. 'इव्हेंट व्ह्यूअर' मधील तांबड्या खुणांचा खरा अर्थ काय?
३. तोतया हमखास म्हणतो ती दोन वाक्ये कोणती?
४. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाला १९३० हा क्रमांक तोंडपाठ आहे काय? नसल्यास आज कोण शिकवील?
५. मित्राने बँकखाते भाड्याने मागितले, तर त्याला कोणत्या शब्दांत नकार द्याल? ते शब्द मोठ्याने म्हणून दाखवा.